पाळण्यातला डोंगर

मी नोकरीत नेमकं काय करतो, हे माझ्या सासरेबुवांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जावई सरकारी खात्यात आहेत, भोकं पाडतात," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. पाहुणे गंभीर व्हायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. सासरेबुवांचं तसं काही चुकत नव्हतं. मी आयुष्यभर भोकंच पाडली. फक्त ती जमिनीत पाडली आणि सरकारच्या हुकमाने पाडली, एवढंच.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला आमचं एक खोलीचं ऑफिस होतं. कुठे तलाव बांधायचा ठरला, की भिंत जिथे येणार तिथला पाया आधी तपासावा लागतो. आमचं यंत्र त्यासाठी. पोकळ नळी, तिच्या तोंडाशी हिऱ्याच्या कणांचं पातं. वरून पाणी सोडत ती नळी फिरवत फिरवत खडकात उतरवायची आणि आत अडकलेला दगडाचा दांडा अलगद वर काढायचा. टरबूजवाला गिऱ्हाइकाला खाप काढून दाखवतो ना, तसंच. आम्ही डोंगराची खाप काढायचो. मनगटाएवढे जाड, गोल, गुळगुळीत दगडी दांडे. त्यांना आम्ही गाभा म्हणायचो. निघाले त्या क्रमाने ते लाकडी पेटीतल्या खाचांत मांडायचे, वर रंगाने खोलीचे आकडे टाकायचे आणि मोठे साहेब येऊन बघेपर्यंत पेट्या सांभाळायच्या. दगड सांभाळायचा पगार मिळतो, यावर गावातला एकही माणूस विश्वास ठेवायचा नाही.

आता डोंगराविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आपल्याकडचे डोंगर कोणी वर ढकललेले नाहीत. हिमालय तसा आला, आपला अजिंठ्याचा डोंगर नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला रस वाहत आला. तो पसरला, थिजला, त्याचा काळा पाषाण झाला. मग मधे भरपूर सुट्टी. त्या सुट्टीत वरचा पापुद्रा ऊनपावसाने सडून माती झाला. मग पुन्हा रस आला, त्या मातीला भाजून लाल करून तिच्यावर बसला. असे थरावर थर. दुरडीत भाकरीची चळत रचावी तसा हा सगळा मुलूख सपाट रचला गेला. पुढे पाण्याने त्याला कडेने कुरतडायला सुरुवात केली. जो भाग मऊ होता तो पूर्णेने, गिरजेने वाहून नेला; जो टणक होता तो जागेवर राहिला. त्या उरलेल्याला आपण डोंगर म्हणतो. डोंगर वर आला नाही, आजूबाजूचं खाली गेलं. म्हणून तर आपल्या डोंगरांचे माथे सपाट असतात.

हे मी गावोगाव सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते सगळं बराबर हाये सायब, पण पाणी कुठं लागंल?"

तर केदारखेड्याच्या पुढे, भोकरदनच्याही वर, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या बायका आता वाचायला शिकल्या आहेत. गावाच्या वरच्या अंगाला दोन सोंडांच्या मधे एक खोरं होतं आणि तिथे साठवण तलावाची जागा निघाली होती. दुसरी जागा होती शेजारच्या गावची. दोन्हींपैकी एकच होणार होती. ज्या जागेचा पाया पक्का, तिथे तळं.

या गावाला तळं का हवं, ते समजायला नकाशा लागत नव्हता. फेब्रुवारी सरला की विहिरी आटायच्या आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन खिंड चढायच्या. पलीकडच्या घळीत एक झरा होता, तिथून पाणी आणायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. या बायकांत गयाबाई म्हणून एक होती, चाळिशीची, उंच, आवाज असा की खिंडीतून हाक मारली तर देवळातला माणूस उठून बसेल. मशीन पहिल्या दिवशी गावात आलं तेव्हाच ती मला म्हणाली होती, "सायब, माझ्या सासूचे गुडघे या खिंडीत गेले. माझे जाऊन राह्यले. तुमचं भोक नीट पाडा."

भोकं नीट पडली. खडक पाहून मी खूश झालो. तळाशी असा घट्ट काळा पाषाण लागला, की एक दांडा हातभर लांबीचा सलग निघाला. हातभर गाभा एका तुकड्यात निघणं म्हणजे खडकाला भेग नाही, फट नाही, पाणी झिरपायला वाव नाही. आमच्या धंद्यात असा दांडा निघाला की मशीनवरची माणसं चहा मागतात. मी चहा पाजला. पेट्या मारुतीच्या ओसरीत रचल्या, किसनबा नावाच्या म्हाताऱ्याला राखणीला बसवलं आणि मशीन घेऊन मंठ्याकडच्या कामाला गेलो.

परत आलो ते मोठ्या साहेबांच्या भेटीच्या आदल्या दिवशी. पेटी उघडली आणि मी ओसरीच्या पायरीवर बसलो. पेटीत मुरूम होता. भुसभुशीत चुरा होता. लाल मातीची ढेकळं होती. टणक पाषाणाचा एकही बरा तुकडा नव्हता. डोंगरात मऊ जातं आणि टणक राहतं. आमच्या पेटीत टणक गेलं होतं आणि मऊ राहिलं होतं. कोट्यवधी वर्षांचा निसर्गाचा नियम या गावाने दीड-दोन महिन्यांत उलटा करून दाखवला होता.

आणि आमच्या खात्याचा नियम असा, की पेटीत गाभा नसेल तर तिथला खडक इतका कुजका होता की हाती लागलाच नाही, असं धरायचं. म्हणजे साहेब उद्या पेटी बघणार, 'पाया नालायक' म्हणणार आणि तळं शेजारच्या गावाला जाणार.

"किसनबा," मी म्हणालो, "दगड कुठे गेले?"

किसनबा बिलकुल गडबडला नाही. "सायब, म्या मशिनीच्या सामानाची राखण केली. एक बोल्ट गेला आसंल तर सांगा. दगडाची कोण चोरी करतं? हा आख्खा डोंगर पडला हाये समोर."

"अहो, पण नेले ना कोणीतरी!"

"नेले," तो म्हणाला. "पण ते चोरी म्हणून न्हाई नेले. वरवंटे म्हणून नेले."

पहिला दांडा किसनबाच्या बायकोनेच नेला होता. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, गोल, हाताला गार. असा वरवंटा बाजारात मिळत नाही. तिने पाट्यावर चटणी वाटली, शेजारणीने ती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून देवळात बायकांची भक्ती वाढली. मारुतीच्या देवळात एवढ्या बायका कामून येऊन राह्यल्या, असं किसनबाला वाटलं होतं म्हणे. वाटून तो पुन्हा झोपला.

मी तडक गयाबाईच्या घरी गेलो आणि दारातच सगळं सांगितलं. उद्या साहेब, पेटी रिकामी, तळं पलीकडच्या गावाला. गयाबाई आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "आस्सं हाये व्हय? मंग आधी सांगायचं न्हाई का, की त्या दगडावर तळं हाये म्हणून? आमाला वाटलं, भोक तेवढं तुमचं, दगड फेकायचा."

 ती टोपलं घेऊन निघाली. पुढच्या दोन तासांत मी जे पाहिलं ते भूशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. घराघरातून डोंगर बाहेर येत होता. कोणी पदराखालून आणला, कोणी परातीत. एकीने तर वडाराकडून त्याला टाकी लावून घेतली होती. त्या दगडावर बारीक बारीक खड्डे पाहून मला रडू यायचं बाकी राहिलं. आकडे तर सगळ्यांनीच राखेने घासून काढले होते. "रंग होता ना त्याला, चटणीत उतरला आस्ता," एक म्हातारी मलाच रागावली.

मग ओसरीत बसून जुळवाजुळव सुरू झाली. दांडा मोडतो तेव्हा त्याची दोन्ही तोंडं एकमेकांत बसतात, फुटलेल्या बांगडीच्या तुकड्यांसारखी. मी तोंडं जुळवत होतो आणि बायका भांडत होत्या. "ह्यो पांढऱ्या ठिपक्याचा माझा, लसणाला लई बेस." "तुझा कुठला, तुझा निब्बर होता, घसरायचा." ठिपक्याचा दगड म्हणजे रसात बुडबुडे राहिले आणि नंतर त्यांत पांढरं खनिज भरलं, असं मी सांगू लागलो. कोणी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत एकेक खाच भरली. सगळे दगड धुऊन घेतले. फक्त तळातली एक लांब खाच रिकामी राहिली. तो हातभर लांबीचा दांडा, ज्याच्यावर मी चहा पाजला होता, तोच नव्हता. आणि भिंतीचा पाया नेमका त्याच खोलीवर येणार होता.

मी विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गयाबाई, जिचा आवाज खिंडीपलीकडे जातो, ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बघते उद्या," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, सडपातळ, डोक्यावर हॅट, बोलणं पुस्तकासारखं. खडकाची पारख दांडगी, पण त्यांना एक सवय होती. दगड ओला केला की त्यातले कण नीट दिसतात, आणि मातकट असेल तर जिभेला चिकटतो. बाकीचे लोक पाणी शिंपडायचे. साहेब थेट जीभ लावायचे. या सवयीचा मला आदर होता. त्या दिवशी भीती वाटली.

सरपंच, मी, किसनबा आणि मागे खांबांआड बायका. साहेबांनी मुरूम चिमटीत चुरडला, लाल थराला जीभ लावली, मान हलवली. मग ठिपक्याचा दांडा उचलला. धुतला होता तो, पण त्याच्या बारीक छिद्रांत काय काय शिल्लक होतं ते देवालाच ठाऊक. साहेबांनी जिभेची चांगली लांब रेघ ओढली.

आधी ते थांबले. मग त्यांनी हॅट काढली. मग त्यांचे डोळे भरून आले.

"पाणी!" मी ओरडलो. किसनबा तांब्या घेऊन धावला, सरपंच गूळ घेऊन धावले. साहेब गूळ चघळत त्या दगडाकडे पाहत होते. "या खडकात," ते शेवटी म्हणाले, "मिरची आहे."

"आमच्याकडची हवाच तिखट हाये सायब," सरपंच म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, बिचारे खरंच मदत करत होते.

"आणि लसूण," साहेब म्हणाले.

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात गयाबाई खांबाआडून पुढे आली.  सरकारी माल नेला म्हणून फौजदार येईल, अशी कुजबुज सकाळपासून गावात होती.

"सायब, तो माझ्या जावेचा वरवंटा हाये. ह्यो मधला किसनबाच्या बायकोचा. आमीच नेल्ते सगळे. मशिनीवाल्या सायबाची काही चूक न्हाई. खडक चांगला हाये म्हणून तर नेल्ते. कुजका आस्ता तर कोणी हात लावला आस्ता का?"

 साहेबांनी रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "आणि हा? पाया इथे येणार आहे. हा नसेल तर मी काय गृहीत धरायचं?"

"तो हाये," गयाबाई म्हणाली. "पण आत्ता देता यायचा न्हाई."

"का?"

"तो पाळण्यात हाये."

गयाबाईची लेक बाळंतपणाला आली होती आणि त्या दिवशी बारसं होतं. आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं घालायचं, काजळ लावायचं. तो बाळाचा थोरला भाऊ. एकदा त्याची तयारी झाली की नाव ठेवेपर्यंत त्याला कोणी घराबाहेर नेत नाही. हातभर लांब दगड आणि वर गोल गरगरीत, असा भाऊ त्या गावात कुणाच्याच बाळाला मिळाला नव्हता. म्हणून गयाबाईने तो आदल्या दिवशी दिला नव्हता.

साहेब म्हणाले, "चला."

आम्ही गयाबाईच्या अंगणात गेलो. बाळ आईच्या मांडीवर आणि आमचा गाभा पाळण्यात, लाल टोपडं घालून, काजळाची तीट लावून. घरातलं ते सर्वांत म्हातारं माणूस होतं. सगळं तयार होतं, पण आत्या यायची होती. नाव आत्या ठेवते, आणि आत्या सिल्लोडच्या बाजूने बसने येत होती. बस कुठे होती, ते बसलाच माहीत.

साहेबांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि खाटेवर बसले. त्यांना घुगऱ्या दिल्या. जीभ भाजलेली होती, त्यामुळे त्या त्यांना फारच आवडल्या. दुसऱ्यांदा मागून घेतल्या. मग बायका जरा सैलावल्या आणि एकीने विचारलं, "सायब, ह्या दगडाचं वय काय आसंल?"

साहेबांनी सांगितलं. साडेसहा कोटी.

"मंग तर ह्यो भाऊ न्हाई, पणजा झाला," गयाबाई म्हणाली आणि अंगण हसलं. साहेबही हसले. मग त्यांनी रसाचे थर, मधली सुट्टी, पाण्याने कुरतडलेल्या कडा, सगळं समजावून सांगितलं. मी तेच सांगायचो तेव्हा कोणी ऐकायचं नाही. साहेबांचं सगळ्यांनी ऐकलं. मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू.

"म्हणजे डोंगर अजून झिजून राह्यला?" गयाबाईने विचारलं.

"रोज," साहेब म्हणाले.

"मंग खिंड खाली यायला किती दिवस लागतील?"

 तिने गंमत म्हणून विचारलं नव्हतं. कोट्यवधी वर्षं बोलणाऱ्या माणसाला त्या बाईने पाण्याचा हंडा दाखवला होता. आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

आत्या आली. धूळभरली, बसवाल्याला शिव्या देत. आणि मग बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि वरवंटा पाळण्याच्या वरून आणि खालून या हातातून त्या हातात फिरवू लागल्या. साहेब ताडकन उठले. "सांभाळून! पडू देऊ नका! अहो, धरा, धरा त्याला!" बाळाला पाळण्यात घालताना ते इतके घाबरले नाहीत. दगड परत सुखरूप पाळण्याच्या उशाशी पोचला तेव्हा त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि गर्दीत एक धपाटा मलाही बसला. तो कोणाचा ते मला माहीत आहे.

मग गयाबाईने स्वतः टोपडं सोडलं, दगड पदराने पुसला आणि देवळात आणून खाचेत ठेवला. वरच्या तुकड्याचं तोंड आणि याचं तोंड. साहेबांनी दोन्ही टेकवली. कट् असा आवाज झाला आणि फट दिसेनाशी झाली. दुसरं टोकही तसंच बसलं. साहेब गुडघ्यावर बसून त्या सलग दगडाकडे पाहत राहिले. जीभ मात्र लावली नाही.

"पाया उत्तम आहे," ते म्हणाले. "इथेच होईल."

बायकांना पहिल्यांदा कळलंच नाही, इतकं हळू बोलले ते. मी मोठ्याने सांगितलं. गयाबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. किसनबा तेवढा म्हणाला, "वरवंटे गेले ना पर," आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो राखणीला जाऊन बसला.

तळं झालं. भिंत आजही एक थेंब झिरपत नाही. पण दोन हजार सालानंतर, निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम तिकडे गेलो, तेव्हा पाहून जरा वाईटच वाटलं. तळ्याचं पोट गाळाने वर आलं होतं. डोंगर आपलं काम सोडत नाही. वरचं खाली आणून टाकतो, मग खाली तलाव असो नाहीतर समुद्र. ट्रॅक्टर लावून लोक गाळ उपसून शेतात नेत होते. तळं बांधताना गाळाचा विचार आम्ही कमीच केला, ही चुटपुट मला आहे. भिंतीचा पाया बघितला, डोंगराचा स्वभाव माहीत असून हिशेबात धरला नाही.

गयाबाई भेटली. केस पांढरे, काठी हातात. आवाज तोच. मी गाळाचं बोललो तर म्हणाली, "काढू की. गाळ काय, खालीच हाये. पाणी तर दारात हाये." धाकट्या सुनेने चहा आणला. लग्न होऊन चार-पाच वर्षांपूर्वी गावात आलेली पोर. खिंडीकडे बघत मी सहज तिला विचारलं, "का गं, ती झऱ्याकडची वाट अजून आहे का?"

ती खिंडीकडे बघायला लागली, मग सासूकडे. "कोणती वाट? तिकडं कुठं वाट हाये?"

मी खिंडीकडे नीट पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पायांनी मुरमात पडलेली ती पांढरी रेघ नव्हतीच. सगळ्या उतारावर गवत होतं, टणटणी होती. मी सांगायला लागलो, की इथून तुझी सासू रोज दोनदा...

गयाबाईने काठी माझ्या पायावर हलकेच टेकवली. "काही न्हाई गं," ती सुनेला म्हणाली, "सायबाला डोंगराचं लई याड हाये. त्यांना कुठंबी वाटा दिसतात. तू जाय, नळ चालू ठिवलाय बघ."